चंद्रावरचा टोला

विटीदांडूच्या खेळात टोल्याचे यश विटी हवेत उडाल्यानंतर ठरते असा बघ्यांचा समज असला, तरी ज्याने हा खेळ जवळ बसून, खेळणाऱ्याच्या हातांपेक्षा पायांकडे अधिक लक्ष देऊन पाहिला आहे, त्याला पुष्कळसा निकाल दांडू उचलला जाण्यापूर्वीच लागलेला असतो हे हळूहळू उमगते. भाईंदर पूर्वेचे नवघर हे एके काळचे स्वतंत्र ग्रामपंचायतीचे गाव. 1985 साली ते मिरा-भाईंदर नगरपरिषदेत आणि 2002 साली महानगरपालिकेच्या हद्दीत आले, आणि आज त्याच्या जुन्या वस्तीभोवती उंच इमारतींचा गराडा पडला आहे. तथापि खाडीच्या अंगाला मिठागरांच्या बांधांलगतची खारी जमीन उन्हाळ्यात वाळून अशी टणक होते, की मुलांच्या खेळाला त्याहून चांगले पटांगण मागून मिळू नये. तिथे बहुतेक मुले टेप गुंडाळलेल्या टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळतात. परंतु एका आगरी कुटुंबातील वृद्ध गृहस्थ, ज्यांचे उभे आयुष्य मिठागरावर गेले, ते सुटीत आपल्या नातवंडांना विटीदांडू शिकवतात, आणि त्यांच्या त्या शिकवणीला बांधावर बसून हजेरी लावण्याचा शिरस्ता मी आवडीने पाळत आलो आहे.

विटी ते स्वतः घडवतात. चिंचेच्या वाळल्या फांदीचा अर्ध्या वितीचा तुकडा डाव्या हातात धरून कोयत्याने दोन्ही टोके निमुळती करीत न्यायची, आणि चार-सहा तासण्या झाल्या की तुकडा आडव्या बोटावर ठेवून पाहायचा. ज्या बाजूला तो झुकेल त्या बाजूची आणखी एक पातळ ढलपी काढायची, पुन्हा बोटावर ठेवायचा, पुन्हा ढलपी, असे तो निश्चल राहीपर्यंत चालते. एक टोक जड राहिले तर विटी उडताना वाकडी गिरकी घेते, आणि वाकडी गिरकी घेणाऱ्या विटीला टोला कुठे बसेल याचा भरवसा नाही, असे त्यांचे सांगणे. यंत्रशास्त्राच्या पुस्तकात वस्तुमानकेंद्र ज्याला म्हणतात ते विटीच्या मध्याशी आणून बसवण्याची ही खटपट, हे त्यांच्या बोटाला माहीत आहे. त्याला नाव असण्या-नसण्याने त्या बोटाचे काही अडत नाही.

विटी गलीच्या काठाशी ठेवून दांडूने तिच्या टोकावर आघात केला, की ती एकाच वेळी दोन गोष्टी करते: वर उसळते आणि आपल्या मध्याभोवती फिरू लागते. नवशिका मुलगा ती उसळताक्षणीच दांडू फिरवतो आणि हमखास हुकतो. “थांबू दे तिला, वर थांबते ती,” असे आजोबा पुनःपुन्हा बजावतात, आणि त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. कमरेएवढी, म्हणजे सुमारे एक मीटर उंच उडालेली विटी जमीन सोडताना सेकंदाला 4.4 मीटर वेगाने निघते आणि अर्ध्या सेकंदाच्या आत माथ्याला पोचते; पण या चढउतारातील अगदी वरच्या दहा सेंटिमीटरांच्या पट्ट्यात ती सुमारे 0.29 सेकंद रेंगाळते, आणि टोला मारायचा तो याच अवकाशात. जाणत्या खेळाडूचे सारे कौशल्य सेकंदाच्या या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी अशा मुदतीत मावलेले असते.

हा खेळ असा न्याहाळीत असता तो चंद्रावर कसा होईल, ही कल्पना माझ्या मनात शिरली आणि मग ती निघेना. चंद्राच्या पृष्ठभागावर गुरुत्वीय त्वरण सेकंदाच्या वर्गाला 1.62 मीटर, म्हणजे आपल्या सहाव्या हिश्श्याइतके. नवघरच्या सवयीने तिथे विटीला तोच आघात दिला, तर ती सहा मीटर उंच, दुमजली घराच्या छपरापर्यंत जाईल आणि परत यायला साडेपाच सेकंद घेईल. तेव्हा खेळणाऱ्याला आघात पुष्कळच हलका करावा लागेल. विटी कमरेएवढीच उडावी असे मुक्रर केले, तर निघतानाचा वेग सेकंदाला 1.8 मीटर पुरे होतो, आणि वरच्या दहा सेंटिमीटरांतले तिचे रेंगाळणे 0.7 सेकंदापर्यंत वाढते. नवशिक्याला ही केवढी मोठी सवलत!

परंतु याहून मोठे आश्चर्य गिरक्यांच्या हिशेबात आहे, आणि ते ध्यानात आले त्या दिवशी मला जो आनंद झाला तो इथे लपवण्याचे कारण नाही. आघात हलका झाला की विटीचे वर जाणे जसे मंदावते, तसे तिचे फिरणेही त्याच प्रमाणात मंदावते. उलट, माथ्यापर्यंत जाण्याचा अवधी नेमका त्याच प्रमाणात लांबतो. वेग जवळजवळ अडीचपटीने उणा आणि वेळ तितक्याच पटीने अधिक, यामुळे गुणाकार जसाच्या तसा राहतो, आणि नवघरच्या बांधावर विटी माथ्याला पोचेपर्यंत जितक्या गिरक्या घेते, तितक्याच ती चंद्रावरही घेते. द्रुत लयीत ऐकलेली चीज कुणी विलंबित लयीत, एकही स्वर न गाळता गावी, तसे हे आहे. आजोबांची शिकवण तिथे एका अक्षराच्याही फेरफाराशिवाय लागू पडेल. फक्त “थांबू दे तिला” हे वाक्य त्यांना सावकाश उच्चारता येईल.

विटी कोलण्याचा यासारखा एक उद्योग भारताने चंद्रावर खरोखरच केलेला आहे. 23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्रयान-3 चे विक्रम हे अवतरक यान चंद्राच्या दक्षिण भागात, सुमारे 69 अंश अक्षांशावर उतरले आणि नेमून दिलेले काम उरकल्यावर 3 सप्टेंबरला आज्ञा मिळताच आपली इंजिने पेटवून सुमारे 40 सेंटिमीटर वर उचलले गेले व तीस-चाळीस सेंटिमीटर पलीकडे पुन्हा सुखरूप टेकले. पुढेमागे चंद्रावरून माती घेऊन परतायचे तर उठणे जमले पाहिजे, ही त्यामागची तजवीज होती. मला मात्र त्या दिवसापासून विक्रमची ती उडी म्हणजे आपल्या देशाने चंद्रावर कोललेली पहिली विटी वाटत आली आहे, आणि तसे वाटण्यात त्या शास्त्रज्ञांचा गौरवच आहे.

आता टोल्याकडे वळू. “हातानं मारू नको रं, पायानं मार, पाय रोव, हात आपोआप येतील,” हे आजोबांचे दुसरे वचन. दांडू पुढे भिरकावताना शरीराला उलट दिशेने जो हिसका बसतो, तो पाय जमिनीला धरून ठेवतात म्हणून पचतो. बांधावर एखाद्या मुलाचा मागचा पाय पांढऱ्या खारट पापुद्र्यावरून जरा जरी सरकला, की दांडू विटीला लागूनही टोला पोचट होतो, हे मी स्वच्छ पाहिले आहे. जमिनीची ही पकड म्हणजे घर्षण, आणि घर्षण अवलंबून असते ते माणूस जमिनीवर किती भाराने उभा आहे यावर. चंद्रावर हा भार सहाव्या हिश्श्यावर येतो, म्हणून पकडही सहाव्या हिश्श्यावर येते. दांडूचे व विटीचे वस्तुमान मात्र रतिभरही कमी होत नाही. दांडू हातात धरला तर हलका भासेल, परंतु त्याला वेग द्यायला जोर इथल्याइतकाच लागेल, हिसकाही इथल्याइतकाच बसेल, आणि तो पचवणारी जमीन तेवढी दुबळी झालेली असेल. चंद्रावर सगळे सोपे होते, या लोकसमजाची रुजुवात इथे घ्यावी लागते.

तिथे प्रत्यक्ष टोला मारून आलेल्या माणसाचा दाखलाही उपलब्ध आहे. अपोलो 14 मोहिमेचे नायक अ‍ॅलन शेपर्ड यांनी 6 फेब्रुवारी 1971 रोजी, फ्रा मौरो प्रदेशातील आपले काम संपत आले असता, मातीचे नमुने उचलण्याच्या अवजाराच्या दांड्याला सहा क्रमांकाच्या गोल्फच्या काठीचे लोखंडी डोके बसवले आणि सोबत नेलेले दोन चेंडू टोलवले. त्यांचा पोशाख आतून वातावरणाच्या सुमारे एक चतुर्थांश दाबाने फुगलेला होता. अशा पोशाखात दोन्ही हात काठीवर एकत्र आणणे अशक्य, म्हणून त्यांनी एकाच हाताने प्रहार केले, आणि पहिल्या प्रयत्नात चेंडूपेक्षा धूळच अधिक उडाली. अखेरचा चेंडू मैलोगणती गेला असे ते हर्षभराने म्हणाले. पुढे जुन्या छायाचित्रांचे नव्या साधनांनी परीक्षण झाले, तेव्हा एक चेंडू सुमारे 22 मीटर आणि दुसरा सुमारे 37 मीटर गेल्याचे निष्पन्न झाले. उसळणे-घरंगळणे हिशेबात न धरता, चेंडू अगदी अनुकूल कोनात उडाला असे मानले, तर 37 मीटरांसाठी सेकंदाला पावणेआठ मीटर वेग पुरतो. नवघरच्या बांधावर त्याच वेगाचा चेंडू सहा मीटरांवर पडला असता. हे आकडे वाचून शेपर्ड यांच्याविषयीचा माझा आदर वाढला. पाय रोवायला जमीन नाही, कंबर वळवायला मुभा नाही, आणि एका हाताच्या बळावर घरापासून पावणेचार लक्ष किलोमीटरांवर हा मनुष्य खेळाला उभा राहिला.

शेपर्ड यांच्याऐवजी चेंबूरच्या जुन्या गोल्फ मैदानावरचा एखादा पट्टीचा खेळाडू मोकळ्या अंगाने तिथे उभा राहिला, तर काय होईल? उत्तम खेळाडूचा चेंडू काठीवरून सेकंदाला 70 मीटर वेगाने सुटतो. पृथ्वीवर तो अडीचशे मीटरांच्या आसपास जातो, आणि या अडीचशे मीटरांत हवेचा जमाखर्च मोठा विलक्षण आहे. हवा चेंडूला अडवते हे खरे. परंतु मागे गिरकी घेत जाणाऱ्या चेंडूला तीच हवा खालून उचलूनही धरते, आणि त्याच्या अंगावरचे शेकडो खळगे तिचा अडथळा कमी करतात. म्हणून खेळाडू चेंडू जमिनीशी दहा-अकरा अंशांचा, बराच निरुंद कोन करून मारतो. चंद्रावर हवा नाही. तिथे 1971 च्याच ऑगस्टमध्ये डेव्हिड स्कॉट यांनी सोडलेले पीस आणि हातोडा एकदमच खाली पडले. खळगे तिथे निरुपयोगी, गिरकी निरुपयोगी; चेंडू डावी-उजवीकडे वळण्याचा दोषही नाही आणि, नवघरच्या गोलंदाजांना हळहळ वाटेल, टेपच्या चेंडूचा स्विंगही नाही. खेळाडूने सवयीचा अकरा अंशांचा कोन ठेवला, तर चेंडू जेमतेम अकराशे मीटर जाईल; सवय मोडून 45 अंशांवर मारला, तर तीन किलोमीटर.

तीन किलोमीटर म्हणजे भाईंदर स्थानकाजवळून मारलेला चेंडू मिरा रोड स्थानकाच्या आसपास उतरावा एवढे अंतर. लोकलला ते काटायला तीन-चार मिनिटे लागतात. चेंडू एका मिनिटात पोचेल. आणि तो पडताना मारणाऱ्याला दिसणार नाही, कारण चंद्राचा गोल लहान असल्यामुळे उभ्या माणसाचे क्षितिज तिथे अवघ्या 2.4 किलोमीटरांवर संपते. वर असताना तळपणारा चेंडू अखेरीस दृष्टीच्या हद्दीपलीकडे बुडेल. असे असले तरी चंद्राला प्रदक्षिणा घालील असा टोला कुणाच्याही बाहूत नाही, कारण जमिनीलगत फिरत राहायला सेकंदाला 1680 मीटर वेग हवा, म्हणजे आपल्या या खेळाडूच्या चोवीसपट.

चेंडूपेक्षा मला चिंता अर्थात विटीची. पडल्यावर ती तिथल्या बारीक, धारदार कणांच्या धुळीत टोकाने रुतेल, उसळणार नाही. गली खणणेही सोपे नाही. वरचा थर भुसभुशीत असला तरी खाली माती इतकी दाबून बसलेली असते, की अपोलोच्या प्रवाशांना पोकळ नळ्या ठोकून आत घालताना घाम फुटला. टोल्याचा टणत्कार हवेतून ऐकू येणार नाही, दांडूतून मनगटाला तेवढा कळेल.

राहिली मोजणी. नवघरला विटी जिथे पडेल तिथपासून गलीपर्यंत दांडूने जमीन मोजतात, आणि वकट, लेंड, मूंड, नाल वगैरे नावांची सातसातची आवर्तने म्हणत येतात. ज्या नावावर मोजणी संपेल त्या रीतीने पुढचा टोला. मोठ्या मुलाचा टोला सेकंदाला 24 मीटर वेगाचा धरावा. चंद्रावर विटी 21 सेकंद हवेविना उडत राहून 355 मीटरांहून किंचित पलीकडे पडेल. साठ सेंटिमीटरांच्या दांडूने हे अंतर 592 दांडू भरते. फुगलेल्या पोशाखात वाकून एवढी मोजदाद करणे हे टोल्याहून कितीतरी कष्टाचे काम होईल, पण प्रतिपक्षाने मोजणी मागितली तर ती द्यावीच लागते. हा हिशेब मी आजोबांना सांगितला, तेव्हा त्यांनी डोळे मिटून, बोटांच्या पेरांवर आवर्तने धरून पाहिली: सात चौऱ्याऐंशी वेळा, बाकी चार. “नाल आली,” ते म्हणाले, आणि नाल कशी मारायची ते नातवाला दाखवायला उठले.