गठुडं, पेटी आणि गाडगं

देबूजी झिंगराजी जानोरकर १ फेब्रुवारी १९०५ ला घराबाहेर पडले, तेव्हा त्यांच्या सामानाची यादी एका दमात संपण्यासारखी होती. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि एक फुटकं गाडगं. हे गाडगं म्हणजे जेवायचं ताट, पाणी प्यायचं भांडं आणि डोक्यावर पालथं घातलं की वऱ्हाडी उन्हातली टोपी. लोकांनी त्यांचं नावच त्या एका वस्तूवरून पाडलं. पुढे जवळपास ५२ वर्षं गाडगेबाबा हिंडत राहिले. या यादीत भर पडली ती एका खराट्याची, आणि तोही स्वतःसाठी नव्हता.

कमी सामानात फिरणाऱ्याचं आपल्याकडे कौतुक फार. ते करताना एक गोष्ट नजरेआड होते. बाबांचं गाडगं रिकामं राहू शकलं, कारण गावोगावच्या चुली पेटलेल्या होत्या. गावात शिरायचं, आधी रस्ते झाडायचे, मग कुणाच्या तरी दारात भाकर मागायची. आपल्या कष्टाच्या बदल्यात कुठंही भाकर मिळेल अशी ज्याची खात्री आहे, त्याला शिदोरी लागत नाही. ती खात्री सगळ्यांना नसते, हे बाबांइतकं कुणाला कळलं असेल? जत्रेला आलेला गरीब माणूस घर पाठीवर घेऊन येतो आणि तरी नदीकाठी उघड्यावर झोपतो, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून आधी ऋणमोचनला पूर्णा नदीवर घाट बांधला गेला, आणि मग नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर अशा यात्रेकरूंसाठी होती, ज्यांनी सोबत काहीही नेलं असतं तरी जातीमुळे दुसरीकडे त्यांना छप्पर मिळालं नसतं. स्वतः एका गाडग्यावर भागवणाऱ्या माणसाने आयुष्य घालवलं ते इतरांच्या पाठीवरचं गठुडं हलकं करण्यात.

वऱ्हाडातल्या प्रवासी सामानाकडे शंभर-सव्वाशे वर्षांच्या अंतरावरून पाहताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसत आलं आहे. बोजा किती, हे माणसाच्या स्वभावावर कमी आणि वाटेत काय मिळेल यावर जास्त ठरतं.

दुसरं टोक पाहायचं तर बहिरमला जावं. अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी ही यात्रा २० डिसेंबरला सुरू होते आणि महिनाभराहून जास्त चालते. आता लोक सकाळी मोटरसायकलने जातात आणि संध्याकाळी घरी असतात. पूर्वी कास्तकार तिथे मुक्कामाला जात, आणि मुक्काम म्हणजे सगळं घर बंडीत. राहुटीचं कापड आणि बांबू, गाद्या, कणकीची पोती, तुरीची डाळ, तुपाची बरणी, तव्यापासून पाट्या-वरवंट्यापर्यंत सगळं. शिवाय बैलांसाठी कडबा आणि ढेप. देशमुख-पाटलांच्या राहुट्या आधीच जाऊन ठोकलेल्या असत. गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजले जात, मातीच्या हंडीत मटण शिजे. (याच यात्रेत गाडगेबाबा पशुहत्येविरुद्ध कीर्तनं करीत. हंडी काही बंद झाली नाही, हेही खरं.) या लोकांना कुणी हौशी म्हणेल, पण डोंगराच्या पायथ्याशी डिसेंबरच्या थंडीत गादी भाड्याने मिळत नव्हती आणि दोन-अडीचशे भाकरी विकत देणारी खानावळही नव्हती. कापसाच्या मुलखात गादी मात्र घरोघरी होती, तीही अशी जाड की तिची वळकटी बांधायला दोन माणसं लागत.

रेल्वे आली १८६० च्या दशकात. भुसावळहून निघालेला रूळ अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचला. त्याआधी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या लदेणीच्या बैलांवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे, त्यामुळे लांबचा प्रवास म्हणजे ओझं ही आमच्याकडची जुनीच समजूत. आगगाडीने वेळ वाचवला, ओझं वाचवलं नाही. उलट बैलावर जे मावत नव्हतं ते आता डब्यात मावू लागलं. पत्र्याची पेटी, वळकटी, नंतर पट्ट्यांचा होल्डॉल, फिरकीचा तांब्या, खिडकीच्या गजाला बांधलेली कॅनव्हासची छागल आणि फडक्यात दशम्या, तिळाची चटणी, ठेचा. गादीखाली अंथरायला अकोटची सतरंजी. मे महिन्यात अकोला-बडनेरा पट्ट्यातून दुपारी जाणाऱ्या गाडीत छागल नसेल तर काय होई, हे ज्यांनी भोगलं त्यांना सांगावं लागत नाही.

अमरावतीकरांची गोष्ट जरा वेगळी. मुख्य मार्ग शहरातून गेलाच नाही, तो गेला बडनेऱ्यावरून, आणि अमरावतीला एक फाटा आला. त्यामुळे मुंबईहून किंवा नागपूरहून येणाऱ्याला बडनेऱ्याला उतरून दुसरी गाडी नाहीतर टांगा गाठावा लागे. पेटी दोन वेळा उतरवायची, दोन वेळा चढवायची. लाल सदऱ्यातल्या, दंडाला पितळी बिल्ला बांधलेल्या हमालाशी घासाघीस करताना घरातल्या कर्त्या पुरुषाला पहिल्यांदा वाटे की खलबत्ता आणायला नको होता. अमरावतीकर अकोलेकरांपेक्षा सामान कमी नेतात असा एक समज मी ऐकत आलो आहे. पुरावा काही नाही, पण खरा असेल तर श्रेय बडनेऱ्याला द्यावं.

मूर्तिजापूरला हाच प्रकार उलट्या बाजूने चाले. तिथून एक नॅरोगेज फाटा अचलपूरकडे आणि दुसरा यवतमाळकडे जात असे. दोन्ही मिळून जवळपास १९० किलोमीटर. हीच शकुंतला. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने कापसासाठी टाकलेला हा मार्ग, आणि मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन त्यावर एप्रिल १९९४ पर्यंत धावलं. अखेरच्या काळात गार्डच तिकीट देई. सायकलपेक्षा जरा बऱ्या वेगाने जाणाऱ्या या गाडीत सामानाचा हिशेब कुणी केला नाही. टोपल्यात कोंबड्या, डोक्यावर चाऱ्याचा भारा, बाजाराची पोती, लग्नाची भांडी, सगळं चालून जाई. शकुंतला बंद पडली तेव्हा वर्तमानपत्रांनी वारसा गेला म्हणून हळहळ केली. गावातल्या बाईचं गेलं ते भाजीचं टोपलं घेऊन बसता येणारं स्वस्त वाहन. अकोला-खांडवा मीटरगेज २०१७ च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी थांबलं, तेव्हा अकोटकडच्या लोकांचंही तेच झालं. तिकडे अकोल्यापर्यंतची गाडी २०२२ च्या नोव्हेंबरात पुन्हा सुरू झाली, तोवर त्यांचा बोजा एसटीच्या टपावर आणि काळीपिवळीच्या मागच्या दाराला लटकला.

सामान कमी कसं झालं, हे पाहायचं तर एकेक वस्तू कधी गळाली ते पाहावं. स्टेशनावर नळ आणि माठ नीट भरलेले असू लागले, तेव्हा फिरकीचा तांब्या मागे राहिला. छागल जाऊन प्लास्टिकचा थर्मास आला, आणि २००३ मध्ये रेल नीर निघाल्यावर तोही माळ्यावर गेला. वातानुकूलित डब्यात चादर-उशी मिळू लागली, नातेवाइकांच्या घरात जादा गाद्या आल्या, लॉज झाले, आणि होल्डॉल संपला. माणसं एकाएकी शहाणी झाली, असं यात कुठंही दिसत नाही. रेल्वेच्या नियमात आजही शयनयानाच्या तिकिटावर ४० किलो आणि पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात ७० किलो सामान फुकट नेता येतं. ज्याच्याकडे पैसा आणि पुढे मोटार घेऊन उभा असलेला ड्रायव्हर आहे, त्याला नेण्याची मुभा सर्वांत जास्त आणि गरज सर्वांत कमी.

चाकांनी मध्येच गणित बिघडवलं. अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना चाकांच्या बॅगेचं पेटंट १९७२ मध्ये मिळालं, आणि रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने १९८७ मध्ये लांब दांड्याची उभी बॅग काढली. आमच्या फलाटांवर ती यायला बराच काळ गेला. ती आली आणि हमालाशी घासाघीस संपली, त्याबरोबर ती घासाघीस टाळण्यासाठी घरी होणारी निवडही संपली. बॅगेत जागा उरली की काहीतरी भरलंच पाहिजे, हा गृहिणीधर्म तेव्हापासून जोरात आहे.

हलक्या प्रवासाचं सर्वांत देखणं रूप मात्र पायी दिंडीत दिसतं. शेगावहून गजानन महाराजांची पालखी १९६८ पासून पंढरपूरला जाते. अकोला, परळी, अंबाजोगाई, सोलापूर असा सातशे किलोमीटरच्या वरचा रस्ता, सुमारे महिनाभर, आणि सातशेच्या आसपास वारकरी. पांढरे कपडे, खांद्यावर पताका, गळ्यात टाळ. अकोल्यात हा सोहळा शिरतो तेव्हा रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस मनात म्हणतो, याला म्हणतात मोकळं चालणं. पालखीमागे थोडं थांबून राहिलं की ट्रक दिसतात: अंथरुणं, तंबू, पाण्याचे टँकर, स्वयंपाकाची भांडी, औषधं. त्याहून मोठा बोजा वाटेतल्या गावांनी उचललेला असतो, चहापासून जेवणावळीपर्यंत. यात लबाडी काही नाही. कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी १५९४ पासून जाते असं सांगितलं जातं. त्या काळचा वारकरी पडशीत चार दिवसांचं पीठ टाकून निघत असेल, तर पाचव्या दिवसाचं पीठ त्याला कुणीतरी घालत असणारच.

एका प्रवासात कोणतीही युक्ती चालत नाही. आजारी माणसाला घेऊन मुंबईला जाणं. किती दिवस लागतील ठाऊक नसतं, म्हणून अकोल्या-अमरावतीहून निघालेलं कुटुंब परवापरवापर्यंत स्टोव्ह, कुकर, तांदूळ, दोन ब्लँकेटं आणि फायलींची पिशवी घेऊन टाटा रुग्णालयाच्या दारात उतरत असे, आणि आजही बरेच उतरतात. ज्यांना दादरच्या गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत जागा मिळते, त्यांच्या डोक्यावरचं काही ओझं उतरतं. बाबांचं निधन २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडे येताना वलगावजवळ, पेढी नदीपाशी वाटेतच झालं. त्यांच्या नावाचं छप्पर अजून वऱ्हाडातल्या माणसाच्या बॅगेतून कुकर काढून ठेवायला लावतं.

आता वऱ्हाडातली निम्मी घरं पुण्याकडे तोंड करून बसली आहेत. मुलगा हिंजवडीला, मुलगी खराडीला. येताना ती एका पाठपिशवीवर येतात: लॅपटॉप, चार्जर, दोन टी-शर्ट. बाकी सगळं आईच्या घरी आहे, हे त्यांना पक्कं माहीत असतं. परत जाताना तीच पिशवी पुरत नाही. तुरीची डाळ, कुरड्या, सरगुंडे, मुगवड्या, लिंबाचं लोणचं, लाल तिखट. पुण्यात डाळ मिळते हा युक्तिवाद प्रत्येक पिढीने करून पाहिला आहे. "मियते ना बापा, पण आपल्या वावरातली मियते का?" या उत्तरापुढे कुणी टिकल्याचं माझ्या पाहण्यात नाही. हा वानवळा आहे, आणि वाटेत काय मिळेल याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

१६ एप्रिल २०२५ ला बेलोऱ्याचं विमानतळ सुरू झालं आणि अमरावतीहून थेट मुंबईला उडता येऊ लागलं. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलोपर्यंत सामान फुकट जातं. काट्यावर बॅग ठेवल्यावर डाळ काढायची की जोडे, असा प्रश्न पडला तर वऱ्हाडी माता जोडे काढायला सांगेल यात मला शंका नाही. पुण्याच्या घरांनी मात्र तोडगा कधीच काढला आहे. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत, ड्रायव्हरच्या ओळखीने, खोक्यावर नाव आणि मोबाइल नंबर लिहून पार्सल चढवायचं. माणूस सावकाश रविवारी निघतो, हात मोकळे ठेवून. त्याची डाळ शनिवारीच पोचलेली असते.