बाटलीतल्या गोळ्यांचा आवाज

गरोदरपणी रक्त तपासतात, म्हणून घरात एचआयव्ही अनेकदा आधी कळतो तो बाईचा. लागण नवऱ्याकडून झालेली असली तरी 'हिनेच आणला' हा शिक्का तिच्याच कपाळी. मग लपवाछपवी सुरू होते. एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रातून, मिळालेल्या बाटलीवरचं लेबल खरवडायचं, गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून आत कापूस कोंबायचा. बाळंतपणाला माहेरी जाताना ती बाटली ठेवायची कुठे, याच घोरात रात्र जाते.

ही भीती मनापुरती राहत नाही. झोप उडते, घास उतरत नाही, आणि खचलेल्या माणसाकडून रोजची गोळी चुकते. गोळ्या चुकल्या की रक्तातले विषाणू वाढतात. उपचारांविना बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के. नियमित औषधांनी ती 5 टक्क्यांखाली येते. म्हणून समुपदेशकाने गोळ्या मोजताना 'झोप लागते का गं?' हेही विचारायलाच हवं.

संमतीशिवाय कुणाचा अहवाल उघड करायला, काही अपवाद सोडता, 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे. तरी एका प्रसूती कक्षात केसपेपरवर लाल शाईची ठळक खूण मी पाहिली आहे. शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकांनाही ती दिसत होती.