बांबू गेला, उडी राहिली

मे महिन्यात लांजा तालुक्यातल्या एखाद्या कलमबागेत घटकाभर उभं राहिलं, तर लांब काठी कशी पेलायची याचा धडा फुकटात मिळतो. आंबे काढायची घळ म्हणजे बांबूच्या टोकाला बसवलेलं पातं आणि जाळी. जाळीत दोन-चार हापूस पडले की टोक जड होतं, काठी झोल खाते आणि नवख्याचं मनगट पिळवटून निघतं. सरावलेली बाई एक हात मागे कमरेपाशी आणि दुसरा पुढे छातीपाशी ठेवते. काठीचा भार ती मनगटावर न घेता अंगावर घेते.

पोल व्हॉल्टची खेळाडू धावपट्टीच्या टोकाला उभी राहते, तेव्हा तिची पकड बरीचशी अशीच असते. घळवाली जागच्या जागी उभी असते, हिला मात्र ती काठी घेऊन जिवाच्या आकांतानं पळायचं असतं.

मराठीत या खेळाला अजूनही बांबूउडी म्हणतात. नाव चुकीचं नाही, फक्त जुनं आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगातले भलेभले खरोखरच बांबूवर उडत. अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅमनं १९४० मध्ये बांबूच्याच काठीवर १५ फूट, म्हणजे ४.५७ मीटर उंची पार केली. तिथवर पोहोचलेला तो पहिला माणूस. दोन वर्षांनी त्यानं ४.७७ मीटरची उडी मारली आणि तो विक्रम मोडायला पुढची पंधरा वर्षं जावी लागली. मग धातूच्या नळ्या आल्या, साठच्या दशकात फायबरग्लास आलं आणि बांबू फक्त मराठी नावात उरला.

कोकणातल्या माणसाला इथे एक शंका येणारच: मग आपला माणगा का नाही? तर माणगा भरीव. मांडवाला, कुंपणाला, वाशाला त्याच्यासारखा बांबू नाही, पण तो घेऊन चाळीस मीटर पळणं म्हणजे घराचा वासा घेऊन पळणं. उडीला लागायचा तो पोकळ, हलका बांबू. आणि आजच्या पोलकडून तर त्याहून जास्त अपेक्षा असते. धावण्यातून आलेला वेग खेळाडू पोलच्या टोकातून जमिनीतल्या पेटीत उतरवते. पेटी २० सेंटिमीटर खोल. टोक तिथे अडलं की पोल धनुष्यासारखा वाकतो, वेग त्या वाकण्यात साठतो आणि पोल सरळ होताना तिला वर भिरकावतो. तोवर तिनं पाय डोक्याच्या वर नेऊन अंग उलटं केलेलं असावं लागतं. नाहीतर पोल फेकतो, पण वर नाही, समोर.

ही उडी बायकांना जमणार नाही, असं क्रीडाजगतानं फार काळ धरून ठेवलं. पुरुषांची स्पर्धा १८९६ च्या पहिल्या अथेन्स ऑलिंपिकपासून होती. बायकांच्या विश्वविक्रमांची अधिकृत नोंद सुरू झाली १९९२ मध्ये. चीनची सुन कायुन ४.०५ मीटरवर होती, तिथून. १९९८ ला बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत आणि त्याच वर्षी बँकॉकच्या आशियाई खेळांत महिलांचा पोल व्हॉल्ट आला, १९९९ ला सेव्हिलच्या जागतिक स्पर्धेत आणि २००० ला सिडनी ऑलिंपिकमध्ये. अथेन्स ते सिडनी, एकशे चार वर्षं.

दार उघडल्यावर आत कोण शिरलं, हे बघण्यासारखं आहे. सिडनीत ४.६० मीटरवर सुवर्ण जिंकणारी अमेरिकेची स्टेसी ड्रॅगिला मुळात हेप्टॅथलॉनची. रौप्य मिळवणारी ऑस्ट्रेलियाची तात्याना ग्रिगोरिएव्हा आधी अडथळ्यांच्या शर्यती धावायची. कांस्यपदक आइसलंडच्या वाला फ्लोसादोत्तिरला मिळालं. त्या देशाची लोकसंख्या तेव्हा तीन लाखही नव्हती, म्हणजे लांज्यासारखे दोन-तीन तालुके एकत्र केले तर तेवढीच भरेल. ऑस्ट्रेलियाच्या एमा जॉर्जनं त्याआधी एकामागून एक विक्रम केले होते. तिनं लहानपणी सर्कशीत कसरती केल्या होत्या. झेक प्रजासत्ताकाची डॅनिएला बार्तोव्हा जिम्नॅस्ट होती. या खेळात जन्मापासून कुणीच नव्हतं, सगळ्या दुसऱ्या कुठल्या तरी अंगणातून आल्या होत्या.

त्यांतली सगळ्यात मोठी येलेना इसिनबायेव्हा. व्होल्गोग्राडची ही मुलगी जिम्नॅस्टिक्ससाठी फार उंच झाली आणि पंधराव्या वर्षी पोलकडे वळली. २२ जुलै २००५ ला लंडनमध्ये तिनं ५ मीटर पार केले. बाईनं पाच मीटर ओलांडायची ती पहिली वेळ. २००४ आणि २००८ ची ऑलिंपिक सुवर्णपदकं तिनं विश्वविक्रमासकट घेतली.

पण हा खेळ किती निर्दय आहे हे कळतं ते तिच्या अपयशातून. नियम साधा: प्रत्येक उंचीला तीन संधी, लागोपाठ तीनदा दांडी पडली की बाहेर. एखादी उंची न खेळता सोडून पुढच्या उंचीलाही जाता येतं. ऑगस्ट २००९ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत इसिनबायेव्हानं सुरुवातच ४.७५ ला केली. पहिला प्रयत्न फसला. तिनं उरलेले दोन राखून ठेवले आणि थेट ४.८० ला गेली. तिथे दोन्ही फसले. विश्वविक्रमवीर शून्यावर घरी, आणि ४.७५ मारणारी पोलंडची आना रोगोव्स्का जगज्जेती. अकरा दिवसांनी झुरिकला इसिनबायेव्हानं ५.०६ मीटरची उडी मारली. त्या उंचीच्या वर आजवर दुसरी कुणी बाई गेलेली नाही.

कधी खेळाडू चुकत नाही, सामान चुकतं. एक पोल घेऊन कुणी स्पर्धेला जात नाही. वजनाप्रमाणे, ताठरपणाप्रमाणे पोल वेगवेगळे. अंगात वेग आला की जास्त ताठ पोल हाती घ्यायचा, वारा समोरून असला की हात थोडा खाली धरायचा. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ब्राझीलच्या फाबियाना म्युरेरचा एक पोल ऐन अंतिम फेरीत आयोजकांकडून गहाळ झाला. ती मैदानभर शोधत फिरली, दांडी वर चढत गेली आणि तिचं पदक हुकलं. तीन वर्षांनी डेगूला ४.८५ मीटर मारून ती जगज्जेती झाली.

अशी एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा महाराष्ट्राच्याही अंगणात होऊन गेली. ३ ते ७ जुलै २०१३, पुणे, बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल. आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा. खरं तर ती चेन्नईला व्हायची होती, पण श्रीलंकेच्या खेळाडूंना येऊ द्यायला तमिळनाडू सरकारनं नकार दिला आणि स्पर्धा पुण्याला आली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेलं आणि २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा पाहिलेलं हे संकुल होतं म्हणूनच ऐनवेळी ती पेलता आली. त्या आठवड्यातल्या बातम्या थाळीफेकीत सुवर्ण जिंकणाऱ्या विकास गौडाच्या आणि महिलांच्या ४ x ४०० मीटर रिलेच्या सुवर्णाच्या. महिलांचा पोल व्हॉल्ट चीनच्या ली लिंगनं ४.५४ मीटरवर जिंकला. हेनान प्रांतातल्या या खेळाडूनं पुढे २०१९ मध्ये शांघायला ४.७२ मीटरपर्यंत मजल मारली, आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांतही सुवर्ण तिचंच होतं.

पुण्यात तिनं पार केलेल्या त्या ४.५४ मध्ये आणि वॉर्मरडॅमच्या बांबूवरच्या पंधरा फुटांत जेमतेम तीन सेंटिमीटरचं अंतर आहे.

आता यातली गंमत अशी की भारतातल्या महिलांचा पोल व्हॉल्ट म्हटलं की नावं तमिळनाडूची येतात. २०१४ मध्ये व्ही. एस. सुरेखानं ४.१५ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला, २०२२ मध्ये रोझी मीना पॉलराजनं तो मोडून ४.२१ पर्यंत नेला. पवित्रा वेंकटेश, बरानिका इळंगोवन याही तिथल्याच. म्हणजे स्पर्धा चेन्नईहून उठून पुण्याला आली, पण उडी मारणाऱ्या मुली तिकडेच राहिल्या. कारण स्पर्धा हलवायला तीन-चार महिने पुरतात. मार्गदर्शक, गाद्या, पोल आणि रोजचा सराव ही सगळी घडी एका जागी बसायला पिढी जाते.

लांज्यासारख्या ठिकाणी या घडीतली कुठली कडी सुटलेली आहे, ते मोजूनच बघता येतं. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे उडी झेलणारी गादी किमान ६ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ८० सेंटिमीटर जाड लागते. म्हणजे शाळेचा एक वर्ग मांडीएवढ्या उंचीपर्यंत फोमनं भरायचा. ती उघड्यावर टाकायची, तर रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पहिल्याच मृगात फोम पाणी प्यायला की गादी कामातून गेली. वर पत्र्याची शेड हवी. पेटी बसवायला वीतभर खोल खड्डा हवा, आणि सड्यावरचं मैदान असेल तर खाली जांभ्याचा कातळ. तो सुतकीनं फोडावा लागणार. सव्वा मीटर रुंदीची, किमान ४० मीटर लांबीची सपाट धावपट्टी हवी. हे सगळं जमलं, तरी चार-सव्वाचार मीटरचा पोल एसटीच्या दारातून वळत नाही. कबड्डीला यातलं काही लागत नाही, मातीत चार रेघा मारल्या की काम भागतं. कोकणातल्या गावागावांत मुली कबड्डी आणि खो-खो खेळतात, यात आवडीइतकाच हिशोबाचाही भाग आहे.

अंगाचं म्हणाल, तर महाराष्ट्राकडे एक शिल्लक आहे आणि तिच्याकडे या नजरेनं फारसं कुणी पाहिलेलं नाही. ती म्हणजे मल्लखांब. दोरीच्या मल्लखांबावर मुलगी हातांच्या जोरावर वर सरकते, एका झटक्यात उलटी होते, पाय छताकडे नेते आणि तिथे स्थिर राहते. पोल व्हॉल्टच्या प्रशिक्षकाला नव्या मुलीकडून हेच करून घ्यायला महिनोन् महिने लागतात. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईत शिवाजी पार्कला मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. मुंबईच्या हिमानी परबला २०२१ चा अर्जुन पुरस्कार मल्लखांबासाठी मिळाला. जगात ही उडी आधी जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमधून आली, सर्कशीच्या तंबूतून आली. इथे ती व्यायामशाळेच्या दोरीवरून यायला हरकत नाही.

तिकडे जगाच्या मैदानावर, २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेची केटी मून आणि ऑस्ट्रेलियाची नीना केनेडी दोघी ४.९० वर पोहोचल्या. ४.९५ दोघींनाही जमलं नाही, आणि चुकलेल्या उड्यांचा हिशोबही जुळला. नियमाप्रमाणे आणखी एकेक उडी मारून निकाल लावता आला असता. दोघींनी तसं न करता सुवर्ण वाटून घेतलं. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकला केनेडी पहिली आली, मून दुसरी. २०२५ ला टोकियोच्या जागतिक स्पर्धेत मून पुन्हा ४.९० वर पहिली.

ती स्पर्धा सप्टेंबरात झाली. तोवर लांज्याकडे भात पोटरीला आलेलं असतं आणि आंब्याचा हंगाम संपून तीन महिने उलटलेले असतात. घळ धुऊन, जाळी सोडवून, नुसती काठी पडवीत आढ्याला आडवी बांधून ठेवलेली असते. घरातली पोरं उड्या मारून तिला हात लावायचा प्रयत्न करतात. मुलीही करतात.