वाण्याच्या यादीत दडलेलं वजन

वजन कमी करायचं ठरलं की आपण आधी माणसाकडे बोट दाखवतो. तिने भात सोडावा, त्याने रात्रीचं जेवण बंद करावं, मुलाने चिप्सच्या पाकिटाला हात लावू नये. पण आपल्याकडचं जेवण एकट्याचं नसतं. एकाच कुकरमध्ये, एकाच कढईत घरादाराचं शिजतं, आणि त्यात काय नि किती पडणार हे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वाणसामानाची यादी लिहिताना ठरून गेलेलं असतं. म्हणून वजनाबद्दल बोलायचं तर काट्याच्या आधी ती यादी समोर घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

यादी तपासायला मोजमाप हवं. ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिलेलं आहे. १९१८ साली कुन्नूरला एका छोट्या प्रयोगशाळेत सुरू झालेली ही संस्था आज भारतीयांच्या आहाराबाबत सर्वांत विश्वासाने ऐकावी अशी आहे. २०२४ मध्ये तिने भारतीयांसाठी १७ आहारसूचना नव्याने प्रसिद्ध केल्या. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाच्या ताटात त्यांनुसार साधारण २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ३०० मिलीलिटर दूध किंवा दही, ३५ ग्रॅम शेंगदाणे-तीळ-सुकामेवा आणि २७ ग्रॅम तेल-तूप असावं. ही सगळी वजनं कच्च्या जिनसांची आहेत, त्यामुळे ती थेट यादीला लावता येतात.

चार मोठ्या माणसांचं घर धरा आणि महिन्याचा हिशोब मांडा. धान्य ३० किलो. डाळी आणि कडधान्यं दहा किलोंहून थोडी जास्त. तेल आणि तूप मिळून सव्वातीन किलो. भाजी रोज १ किलो ६०० ग्रॅम. साखरेसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की माणशी दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास थांबावं. म्हणजे चौघांना महिन्याला तीन किलो, आणि त्यात गूळ, मध आणि बिस्किटांतली साखरही आली. दिवसातून चार कप चहा, प्रत्येक कपात दोन चमचे साखर, एवढ्यानेच ४० ग्रॅम होतात.

आता आपली यादी पाहा. गहू-तांदळाचा आकडा बहुतेक घरांत बरोबर येतो किंवा पुढे जातो. तेलाचा तर हमखास पुढे जातो. डाळींपाशी मात्र गाडी अडते. तूरडाळ दोन किलो, मूगडाळ एक किलो, हरभराडाळ एक किलो, आणि मटकी, मूग, चवळी लिहिलीच तर पाव-अर्धा किलो. दहाच्या जागी जेमतेम पाच. संस्थेचा देशाबद्दलचा निष्कर्षही हाच आहे. आपल्या आहारातली ५० ते ७० टक्के ऊर्जा नुसत्या धान्यातून येते, तर डाळी, अंडी, मासे, मांस या सगळ्यांतून मिळून ६ ते ९ टक्के. ती १४ टक्क्यांपर्यंत असायला हवी आणि धान्याचा वाटा ४५ टक्क्यांच्या आसपास यायला हवा.

वजनाच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं आहे. प्रथिनं आणि चोथा असलेलं जेवण पोटात टिकतं. पातळ वरणाच्या वाटीत डाळ असते वीस ग्रॅमच्या आत-बाहेर, म्हणजे प्रथिनं चार-पाच ग्रॅम. साठ किलोच्या माणसाची रोजची गरज पन्नास ग्रॅमच्या घरात असते. अशा वरणावर दोन पोळ्या नि भात खाऊन उठलेल्या माणसाला चार वाजता पुन्हा भूक लागणारच. त्या भुकेला तो चहा-बिस्कीट किंवा वाटीभर फरसाण देतो, आणि मग आपण त्याच्या खादाडपणाला नावं ठेवतो. दोष जेवणाच्या रचनेत आहे.

मोड आलेल्या मटकीची उसळ, वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं, चवळीची आमटी, मुगागाठी, झुणका: आपल्या स्वयंपाकात या बाबतीत मुळीच कमतरता नाही. कमतरता वाढण्यात आहे. उसळ डबाभर करायची आणि ताटात चमचाभर वाढायची, तोंडीलावण्यासारखी, ही सवय बदलली पाहिजे. उसळ वाटी भरून वाढली की तिसरी पोळी आपोआप गळते. मांसाहारी घरांत हेच काम अंडी, चिकन आणि मासे करतात. बांगड्याचं तिखलं किंवा कालवण केलं तर तेल थोडं लागतं. रवा लावून तळलेली तुकडी चवीला कितीही चांगली असली तरी तिचा हिशोब वेगळा. डाळी महाग आहेत आणि रेशनवर मिळतो तो मुख्यतः गहू-तांदूळच, हेही खरं. दहा किलोंचा आकडा प्रत्येक घराला झेपणार नाही. तरी हरभराडाळ, मटकी, कुळीथ बऱ्याचदा तूरडाळीहून स्वस्त पडतात, आणि मूठभर शेंगदाणे भाजीत घातले तर तेही प्रथिनांच्या खात्यात जमा होतात.

भाकरीबद्दल सध्या खूप बोललं जातं. पोळी सोडून ज्वारीची भाकरी धरली की वजन उतरतं, असं सांगणारी माणसं प्रत्येक गृहसंकुलात भेटतात. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३३४ कॅलरी असतात, आणि गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढ्याच. चोथाही दोहोंत साधारण सारखा, गव्हाचं पीठ न चाळता वापरलं तर. मध्यम पोळीला पंचवीस-तीस ग्रॅम पीठ लागतं, भाकरीला पन्नास-साठ. म्हणजे एक भाकरी दोन पोळ्यांच्या बरोबरीची. भाकरी मला मनापासून आवडते आणि ती प्रत्येक घरात परत यावी असंही वाटतं, पण कारणं वेगळी आहेत. ती थापताना तेल लागत नाही. ती चावून खावी लागते. तिच्याबरोबर पालेभाजी, पिठलं, जवसाची किंवा कारळ्याची चटणी, कांदा हे सगळं आपसूक येतं. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलीग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, बाजरीत लोह भरपूर असतं. त्या लोहाचा फायदा व्हायचा तर ताटात लिंबाची फोड हवी आणि जेवणाला लागून चहा नको.

हे सगळं आपल्याला इतरांपेक्षा जास्त जपायला हवं, त्याचं कारण पुण्यातच सापडलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एकमेकांशेजारी उभं असतानाचं स्वतःचंच छायाचित्र छापलं. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. दोघंही तराजूच्या लेखी सडपातळ. पण तपासणीत युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत १९९३ पासून याज्ञिकांच्या गटाने गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा जो अभ्यास चालवला, त्यात दिसलं की आपली बाळं जन्मतःच वजनाने हलकी असतात. त्यांचे स्नायू कमी असतात, चरबी मात्र तितकी कमी नसते. म्हणजे हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं, हे आपल्या भोवती रोज दिसणारं रूप केवळ आळसाचं फळ नाही, त्याची मुळं आईच्या गर्भात आणि तिला मिळालेल्या अन्नात आहेत.

म्हणूनच भारतीयांसाठी मर्यादा खाली आणलेल्या आहेत. बॉडी मास इंडेक्स २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा. त्याहून सोपी खूण म्हणजे शिंप्याची टेप: पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईची ८० च्या आत असावी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत १० कोटींहून अधिक भारतीयांना मधुमेह असल्याचा अंदाज आला, आणि जवळपास ४० टक्के प्रौढांचं पोट या मर्यादेपलीकडे निघालं. कंबर महिन्यातून एकदा मोजावी. काटा रोज बघितला तर त्यात पाणी आणि मीठच जास्त बोलतं.

किती वजन उतरलं म्हणजे पुरे? इथे चांगली बातमी आहे. अमेरिकेतल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांनी वजन सात टक्के उतरवावं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालावं असं उद्दिष्ट दिलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी भारतीयांवर केलेल्या अशाच चाचणीत, २००६ साली, २८.५ टक्के घट दिसली, आणि तीही वजन फारसं न उतरता, मुख्यतः खाण्याचालण्यातल्या बदलाने. ८० किलोच्या माणसाला पाच-सहा किलोंचं ध्येय पुरतं. लग्नातल्या फोटोइतकं बारीक होण्याचा हट्ट कशाला?

घाई केली तर शरीर त्याची किंमत वसूल करतं. अमेरिकन टीव्हीवरच्या वजन उतरवण्याच्या एका स्पर्धेतल्या १४ जणांना संशोधक केविन हॉल यांच्या चमूने सहा वर्षांनी तपासलं. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं, पण विश्रांतीतही शरीर जी ऊर्जा जाळतं ती अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमीच राहिली होती. उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही जातात आणि ते सहजासहजी परतत नाहीत. मुळातच स्नायू कमी असलेल्या आपल्यासारख्यांना हा तोटा परवडणारा नाही. चालणं हवंच, पण त्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीन वेळा उठाबशा, जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं असं काहीतरी ताकदीचं हवं. पन्नाशीपुढे तर ते चालण्याइतकंच गरजेचं.

महाराष्ट्रात आहाराविषयी बोलताना डॉ. श्रीकांत जिचकार आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण, ही त्यांची पद्धत लाखो घरांत पोचली. ती अनेकांना लागू पडते, कारण मधलं चरणं बंद होतं आणि गोड चहा सुटतो. वेळेत मात्र स्वतंत्र जादू नसावी. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर झालेल्या, २०२२ मध्ये छापून आलेल्या चाचणीत दोन्ही गटांना सारख्याच कमी कॅलरी दिल्या. एका गटाला आठ तासांची मर्यादा घातली, दुसऱ्याला नाही. वजन उतरण्यात लक्षणीय फरक पडला नाही. ज्याला दोन जेवणांत सुख वाटतं त्याने दोनदा जेवावं, ज्याला तीनदा लागतं त्याने तीनदा. पण इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण टाळू नये. साखर अचानक खाली गेली तर जिवावर बेतू शकतं.

उपवासाचं तर वेगळंच आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅम कोरडा साबुदाणा ३५० कॅलरींचा, त्यात दाण्याचं कूट आणि चमचाभर तूप पडलं की खिचडीची मोठी बशी ७०० पर्यंत जाते. राजगिरा, वरईचे तांदूळ, ताक, रताळं, काकडीची कोशिंबीर उपवासाला चालतात आणि पोटाला जास्त सोसतात. दिवाळीच्या फराळाची मला फारशी भीती वाटत नाही. घरचा बेसनाचा लाडू आपण ओळखून, मोजून खातो आणि तो चार दिवसांत संपतो. भीती वाटते ती बारमाही पाकिटांची. २०१९ मध्ये हॉल यांनीच वीस जणांना दवाखान्यात ठेवून दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न हवं तेवढं खायला दिलं. पहिल्या प्रकारात माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळजवळ किलोभर वाढलं.

या सगळ्यात जिचा विचार सगळ्यात कमी होतो ती यादी लिहिणारी आणि रांधणारी बाई. ती शेवटी जेवते. तोवर उसळ संपलेली असते, भाजी तळाला गेलेली असते, उरलेला असतो भात, आणि टाकून देऊ नये म्हणून मुलाच्या ताटातली अर्धी पोळी. वजन तिचंही वाढतं आणि त्याच वेळी रक्तही कमी असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी निघाल्या, आणि २४ टक्क्यांचं वजन जास्त निघालं. अशा बाईला 'कमी खा' एवढाच सल्ला देणं अन्याय आहे. तिच्या वाटणीची उसळ, पालेभाजी, अंडं किंवा दही आधी बाजूला काढून ठेवलं पाहिजे, आणि हे काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी केलं पाहिजे.

पुढच्या महिन्याच्या यादीत तूरडाळ आहे तेवढीच राहू द्या. मटकी, चवळी, मसूर, छोले किंवा कुळीथ यांतली कुठलीही तीन एकेक किलो वाढवा. गव्हातले दोन किलो आणि साखरेतला एक किलो कमी लिहा. भाजीचे पैसे यातूनच थोडे वळवा. तेलाची नवी पिशवी फोडाल तेव्हा तिच्यावर तारीख घाला. चौघांच्या घरात एक लिटर साधारण आठ दिवस पुरायला हवं, आणि तेही तूप धरलं नाही तर. पाच दिवसांत संपत असेल तर फोडणीला पळीऐवजी चमचा वापरायला सुरुवात करा.