खतयुक्त ठिबक सिंचन : झडपांतील दोष आणि त्यांचे निवारण

जळगावची केळी, नाशिकची द्राक्षे, सोलापूरची डाळिंबे या पिकांना आता पाण्याबरोबरच विद्राव्य खतेही ठिबक संचातून दिली जातात. खत थेट मुळांशी पोहोचत असल्याने खर्चात व श्रमात बचत होते. तथापि, या पद्धतीचे यश ज्या दोन-तीन झडपांवर अवलंबून असते, त्यांच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. झडप बिघडली म्हणजे काही ओळींना खत अधिक, तर काहींना कमी मिळते. प्रसंगी खताचे पाणी विहिरीतही उतरते. म्हणूनच हा प्रश्न केवळ शेतकऱ्याचा न राहता गावाचाही ठरतो.

खत सोडण्यासाठी सामान्यतः व्हेंचुरी वापरतात. इटलीचे पदार्थवैज्ञानिक जिओव्हानी बत्तिस्ता व्हेंचुरी यांच्या नावावरून हे नाव रूढ झाले. मध्यभागी अरुंद असलेल्या या नळीतून पाणी वेगाने वाहते, तेथील दाब हवेच्या दाबापेक्षा कमी होतो आणि टाकीतील द्रावण आपोआप खेचले जाते. व्हेंचुरी मुख्य नळीला समांतर जोडलेली असते. मुख्य नळीवरील झडप थोडी बंद केली, की तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबात फरक पडतो आणि पाणी व्हेंचुरीकडे वळते. हा फरक हेच या यंत्रणेचे मर्म होय.

दोष शोधताना प्रथम खत न घालता साधे पाणी वापरावे. झडपेच्या आधीचा व नंतरचा दाबमापक सारखाच आकडा दाखवीत असेल, तर झडप पूर्ण उघडी आहे असे समजावे व ती हळूहळू बंद करावी. मूठ फिरवूनही आकडा बदलत नसेल, तर आतील दांडा तुटलेला असण्याचा संभव असतो. दाबात फरक असूनही द्रावण खेचले जात नसेल, तर शोषण नळीची चीर, सैल जोड, तिच्या टोकाची तुंबलेली जाळी किंवा व्हेंचुरीच्या अरुंद भागातील कचरा ही कारणे तपासावीत. नळीत बुडबुडे दिसणे ही हवा शिरत असल्याची खूण होय. उलट पाणी टाकीत चढू लागले, तर पुढील गाळणी तुंबली आहे किंवा शेतातील झडप बंद राहिली आहे, हे ओळखावे.

झडप प्रमाणाबाहेर बंद करणेही हिताचे नाही. शेतातील दाब सुमारे 1 किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या खाली गेल्यास शेवटच्या तोट्यांना पाणी अपुरे पडते. योग्य स्थिती साधल्यावर मुठीवर रंगाची खूण करावी. टाकीतील 10 लिटर पाणी 10 मिनिटांत संपले, तर शोषणाचा वेग ताशी 60 लिटर होय. पुढील मात्रा या हिशेबाने ठरवावी.

कॅल्शियम नायट्रेट हे फॉस्फेट वा सल्फेटयुक्त खतांबरोबर एकाच टाकीत मिसळू नये. त्यांचा न विरघळणारा साका झडपा व तोट्या बंद करतो. खत संपल्यावर 15 ते 20 मिनिटे स्वच्छ पाणी सोडून संच धुवावा.

सर्वांत गंभीर धोका वीज अचानक गेल्यावर उद्भवतो. पंप थांबताच नळीतील पाणी उलटे वाहू लागते. ते रोखणारी एकमार्गी झडप नसेल, किंवा तिच्यात खडा अडकला असेल, तर खत विहिरीत जाते. युरियातील नत्राचेही पुढे नायट्रेट बनते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा भारतीय मानकानुसार लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. ती ओलांडल्यास तान्ह्या बालकांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते. पाणी उकळूनही नायट्रेट जात नाही.

याची परीक्षा सोपी आहे. साधे पाणी चालू असताना पंप बंद करावा आणि पंप व एकमार्गी झडप यांमधील छोटा कॉक उघडावा. थोडे पाणी येऊन थांबले, तर झडप ठीक. पाणी येतच राहिले, तर ती उघडून साफ करावी वा बदलावी.

ज्या विहिरीवर पिण्याच्या पाण्याची भिस्त आहे, तेथे ही परीक्षा प्रत्येक हंगामापूर्वी होणे अगत्याचे आहे. कृषी सहायकांनी ती एका शेतावर करून दाखविली, शिक्षकांनी तिच्यामागील विज्ञान मुलांना समजावले आणि ग्रामपंचायत सदस्यांनी हा विषय ग्रामसभेपुढे ठेवला, तर एका लहानशा झडपेच्या योगे पीक आणि पाणी या दोहोंचे रक्षण होईल.