प्रोग्रॅमच्या पोटातली लुआ
आमचा बिलिंगचा प्रोग्रॅम सीमध्ये लिहिलेला. सवलतीचा नियम बदलला की पुन्हा कंपाइल करा, पुन्हा दुकानात जाऊन बसवा. कंटाळून मी नियम लुआत काढले. १९९३ साली रिओ दी जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात जन्मलेली ही छोटीशी भाषा. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात राहायला ती फार सोयीची.

ऐन दिवाळीच्या गर्दीत नियमाच्या फाइलमध्ये एका व्हेरिएबलचं नाव चुकलं. लुआत नसलेल्या व्हेरिएबलची किंमत ‘निल’. तिला गुणायला गेलं की एरर. अख्खा प्रोग्रॅम बंद, बिल अर्धवट, काउंटरवर रांग. नाव कुणाचंही चुकेल, खरी चूक माझीच. मी ‘लुआ कॉल’ वापरलं होतं. त्यात स्क्रिप्ट बुडताना यजमानालाही घेऊन बुडते. ‘लुआ पीकॉल’ तीच एरर पकडून निरोप म्हणून हातात देतं.

आता आमच्याकडे स्क्रिप्टला हाक पीकॉलनेच मारायची. शिवाय स्टॅकवर आपण ठेवलेलं काम संपताच उचलायचं, जेवल्यावर आपलं ताट उचलावं तसं. साचलेला स्टॅक लगेच बोंबलत नाही, हीच पंचाईत.

आणि हो, लुआत यादी १पासून मोजतात, सीमध्ये ०पासून. यात मी अजूनही फसतो.