हायब्रिड मोटारीचा ब्रेक अ‍ॅक्च्युएटर : वापरलेला भाग बसवावा काय?

आपणां व्यापाऱ्यांना जुन्या मालाचे वावडे कधीच नव्हते. चांगल्या स्थितीतील जुनी तिजोरी, जुना काटा, दुसऱ्या दुकानातील फळ्या व कपाटे आपण पारखून घेतो आणि वर्षानुवर्षे वापरतो. मोटारीच्या बाबतीतही दरवाजा, आरसा, दिवा असे भाग जुने घेण्यास कोणी कचरत नाही. परंतु जो भाग निकामी झाला असता आपला व रस्त्यावरील परक्या माणसाचा जीव धोक्यात येतो, तो जुना घ्यावा काय, हा प्रश्न निराळा आहे. अलीकडे आपल्या अनेक सभासदांच्या दारी हायब्रिड गाड्या आल्या आहेत. त्या गाड्या जुन्या होतील तेव्हा हा प्रश्न आज ना उद्या त्यांच्यापुढे उभा राहील, म्हणून त्याचा थोडा सविस्तर विचार येथे केला आहे.

उदाहरणासाठी टोयोटा कंपनीची प्रियस गाडी घेऊ. ही गाडी १९९७ साली जपानात प्रथम विक्रीस आली. तिची दुसरी पिढी २००३ साली व तिसरी २००९ साली निघाली. भारतात २०१० पासून तिसऱ्या पिढीची गाडी विकली गेली. अमेरिकेत या गाड्या फार मोठ्या संख्येने खपल्या. त्या जुन्या झाल्यावर ब्रेकचा हा दोष तेथे पुष्कळांनी अनुभवला, आणि तेथील अनुभवावरून आपल्याला शिकता येते.

ब्रेकची रचना

साध्या मोटारीत ब्रेकचे पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील तेल नळ्यांतून चाकांकडे जाते, आणि इंजिनाच्या ओढीवर चालणारा बूस्टर आपल्या पायास साहाय्य करतो. हायब्रिड गाडीत इंजिन वारंवार बंद होते, म्हणून तो आधार नेहमी मिळत नाही. शिवाय गाडी थांबविताना विजेची मोटार उलट काम करून चाकांच्या गतीतून वीज निर्माण करते व ती बॅटरीत साठविते. एकूण रोधापैकी किती भाग मोटारीने उचलावा आणि किती भाग ब्रेकच्या तेलाने, हा हिशेब क्षणोक्षणी संगणक करतो. साहजिकच पेडल आणि चाके यांचा नेहमीचा थेट संबंध येथे तोडलेला असतो. पायाला जो दाब जाणवतो तो एका वेगळ्या उपकरणाने निर्माण केलेला असतो.

चाकांकडे तेलाचा प्रत्यक्ष दाब पाठविण्याचे काम अ‍ॅक्च्युएटर करतो. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये त्यात विजेवर चालणारा पंप, दाब साठविणारा अ‍ॅक्युम्युलेटर आणि दाब मोजूनमापून सोडणाऱ्या झडपांचा संच असतो. अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये नायट्रोजन वायू कोंडलेला असतो. पंप तेल आत ढकलतो तेव्हा तो वायू दाबला जातो व तो दाब पुढे वापरता येतो. हा अ‍ॅक्युम्युलेटर म्हणजे जणू दुकानातील गल्ल्याची रोकड. गिऱ्हाईक आले की पैसे तयार असले पाहिजेत; त्या वेळी उसनवारीस धावणे उपयोगाचे नाही.

विजेचा पुरवठा खंडित झाला तर काही वेळा ब्रेक लागावा एवढी वीज पुरविण्यासाठी वेगळा संचय ठेवलेला असतो. तोही निकामी झाला, तर मास्टर सिलिंडरचे तेल थेट पुढच्या दोन चाकांकडे जाते. गाडी तेव्हाही थांबते; परंतु पायास कोणतेच साहाय्य नसते आणि थांबण्यास अंतर पुष्कळ लागते. वृद्ध चालकाला हा फरक भारी पडू शकतो.

दोष कसा ओळखावा

वर्षानुवर्षांच्या वापराने आतील झडपा दाब पुरता रोखून धरीत नाहीत. तेल बाहेर सांडत नाही; ते आतल्या आत टाकीकडे परत जाते, म्हणून जमिनीवर डाग दिसत नाही. गल्ल्यातून रोज थोडे पैसे नाहीसे व्हावेत आणि मालकाने रोज नवे भरीत राहावे, तशी स्थिती होते. पेडलला पाय लागलेला नसताही दर काही सेकंदांनी पंप घूंऽऽ करू लागतो. या गाडीत चालकाचे दार उघडताच पंप थोडा वेळ वाजतो, ते स्वाभाविक आहे; परंतु गाडी स्वस्थ उभी असता तो वारंवार वाजत असेल, तर सावध झाले पाहिजे. पुढे दिवे पेटतात, भोंगा वाजतो आणि स्कॅनरवर दाबाच्या गळतीचे संकेतांक उमटतात. त्यांपैकी सी १३९१ हा टोयोटाच्या कारागिरांना परिचित आहे.

२०१३ साली टोयोटाने अ‍ॅक्युम्युलेटरमधील दोषासाठी जगभरातील सुमारे २ लाख ४२ हजार गाड्या परत बोलाविल्या होत्या. त्यांत नायट्रोजन ब्रेकच्या तेलात मिसळण्याचा धोका होता. म्हणून प्रथम आपल्या गाडीच्या चॅसिस क्रमांकावरून असे बोलावणे किंवा वाढीव हमी लागू आहे काय, हे कंपनीकडे विचारावे. फुकट होणाऱ्या कामास पैसे देणे शहाणपणाचे नाही.

जुना भाग घेताना

नवा अ‍ॅक्च्युएटर मजुरीसह बसविण्याचा खर्च अमेरिकेत दोन हजार डॉलरांच्या पुढे जातो. मोडीत निघालेल्या गाडीतील तोच भाग काही शे डॉलरांत मिळतो. मोह पडावा असाच हा फरक आहे. परंतु हिशेब पुरता मांडावा. जो भाग वयाने झिजून बिघडतो, त्याच वयाचा दुसरा भाग आपण घेत असतो. मजुरी दोहोंसही सारखीच लागते, आणि जुना भाग सहा महिन्यांत बिघडला तर ती दुसऱ्यांदा द्यावी लागते.

घ्यावयाचाच असेल तर पुढील गोष्टी पाहाव्यात. भागावरील क्रमांक आपल्या भागाशी तंतोतंत जुळला पाहिजे. दिसायला सारखा आहे एवढ्याने भागत नाही. मूळ गाडी मागून धडक बसून मोडीत गेलेली असावी, म्हणजे पुढील भागास इजा नसण्याचा संभव अधिक. ती किती वर्षे व किती किलोमीटर चालली, तिच्या ब्रेकचे संकेतांक काय होते, हे विचारावे. नळ्यांची तोंडे काढल्याबरोबर बंद केलेली असावीत. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते आणि आत गंज धरतो. त्यात कधी चुकून इंजिन ऑइल पडले असेल, तर आतील रबर फुगते व सारा भाग वाया जातो. बदलून देण्याची हमी विक्रेत्याने पावतीवर लिहून दिली पाहिजे.

आणखी एक गोष्ट. चोरीचा माल घेणे आणि बनावट माल खरा म्हणून चालविणे, हे दोन्ही आपल्या शास्त्रकारांनी अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत गणले आहेत. ज्या विक्रेत्याला माल कोठून आला हे सांगता येत नाही, त्याची स्वस्ताई आपल्याला परवडणारी नाही.

बसविण्याचे काम

हे काम घरच्या अंगणात करण्याजोगे नाही. दार उघडताच पंप सुरू होत असल्याने, साठलेला दाब मोकळा केल्यावाचून नळी सैल केली तर तेल जोराने उसळते व डोळ्यांस इजा होते. म्हणून प्रथम कंपनीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे पंप बंद ठेवून दाब उतरवावा लागतो, आणि मग बारा व्होल्टच्या बॅटरीचा संबंध तोडावा लागतो. नळ्यांना खुणा कराव्यात आणि त्यांच्या नटांसाठी योग्य पानाच वापरावा, म्हणजे कडा झिजत नाहीत. तेल रंगावर सांडू देऊ नये. अ‍ॅक्युम्युलेटर कधीही उघडू नये.

भाग बसला म्हणजे काम संपले, असे नाही. आतील हवा काढण्यासाठी कंपनीचा किंवा त्या तोडीचा स्कॅनर लागतो, कारण पंप व झडपा ठरावीक क्रमाने त्याच्याच आज्ञेने उघडाव्या लागतात. या वेळी बारा व्होल्टची बॅटरी उतरू नये म्हणून तिला चार्जर जोडून ठेवतात. त्यानंतर नव्या झडपांचे मोजमाप संगणकाला शिकवावे लागते. जुन्या झडपांचा हिशेब नव्यांस लागू पडत नाही. मग संकेतांक पुसून, प्रथम उभ्या गाडीत पेडलची पकड व पंपाचा आवाज तपासावा, नंतर मोकळ्या मैदानात सावकाश चालवून पाहावे. नळ्यांच्या सांध्यांची तपासणी काही दिवसांनी पुन्हा करावी. ज्या गॅरेजमध्ये हा स्कॅनर नाही, तेथे हे काम देऊ नये, मग तो कारागीर कितीही जुना व विश्वासू असो.

सारांश, हाताशी जाणता कारागीर असेल, मालाचा उगम ठाऊक असेल आणि विक्रेत्याची लेखी हमी असेल, तर वापरलेला अ‍ॅक्च्युएटर बसविणे अविचाराचे ठरणार नाही. यांतील एकही गोष्ट उणी असेल तर नवा घ्यावा, अथवा दुरुस्ती होईपर्यंत गाडी उभी ठेवावी. पंप सतत वाजत असताही "अजून थांबते आहे ना" म्हणून गाडी हाकीत राहणे, हा प्रमाद होय. आणि प्रमादातून घडणारी हिंसाही हिंसाच आहे, हे आपल्याला लहानपणापासून शिकविलेले आहे.

पुढे ती गाडी विकण्याची वेळ येईल तेव्हा कोणता भाग जुना बसविला आहे, हे गिऱ्हाइकास आपण होऊन सांगावे व पावती त्याच्या हाती द्यावी. किंमत थोडी कमी येईल. पण ती गाडी उद्या कोणाची तरी मुले घेऊन घाट उतरणार आहे.